टिंब, अंडरस्कोर आणि फसली सन

बखरीच्या दोन प्रतींत एक अक्षर वेगळे दिसले, की ते कोणी बदलले आणि का, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारावेच लागते. आजच्या धाग्यातला पाठभेद मात्र बखरीतला नाही, दोन संगणकांतला आहे.

नांदूरघाटातील एका जुन्या घराण्याने मोडी आणि उर्दू कागदांचा एक रुमाल मला पाच दिवसांसाठी दिला होता. बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणून कागदांवर फसली सन. 1357 फसली म्हणजे 1947-48. ढोबळमानाने 590 मिळवायचे. या रुमालात हा सन पुष्कळदा अगदी कडेला आला आहे. स्कॅनमध्ये कड कापली गेली, तर कागदाचा काळच हरवला. त्यामुळे रुमाल परत जाण्याआधी प्रत्येक प्रतिमा तपासणे भाग होते.

स्कॅनर लिनक्सच्या संगणकाला जोडलेला. वाचन मैत्रिणीच्या मॅक लॅपटॉपवर. मधला दुवा एनएफएस, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर आपल्याच यंत्रावर असल्यासारखे दाखवणारी, सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये घडवलेली व्यवस्था. (सनचे एक संस्थापक विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हे जाता जाता.) फोल्डर उघडू जाताच ते आपोआप जोडणे हे ऑटोमाउंटरचे काम. तो जोडत नव्हता.

पहिले कारण एक टिंब. कोणते फोल्डर कुठे जोडायचे याची मुख्य सूची लिनक्सवर ‘ऑटो.मास्टर’ या नावाने असते, मॅकवर ‘ऑटो_मास्टर’ या नावाने. टिंबाची सूची मॅकवर ठेवली, तर तो तिच्याकडे पाहतही नाही, तक्रारही करत नाही. सनच्या जुन्या प्रणालीत टिंबच होते. पुढे सोलारिसबरोबर नावांची एनआयएस प्लस ही नवी नोंदपद्धती आली. तिच्यात टिंब हे नावाचे घटक वेगळे करणारे चिन्ह ठरले, म्हणून सूचीच्या नावात अंडरस्कोर आला. लिनक्सने जुना पाठ जपला, मॅकने सोलारिसचा घेतला. एनआयएस प्लस कधीच मागे पडली. तिच्यासाठी केलेला बदल अजून नांदतो आहे.

दुसरा अडसर पोर्टचा. लिनक्सचा सर्व्हर 1024 च्या खालच्या पोर्टवरून आलेलीच विनंती मानतो, कारण ते पोर्ट फक्त यंत्राच्या प्रशासकालाच उघडता येतात, असे बर्कलीच्या युनिक्सपासून गृहीत धरले गेले. मॅक वरचा पोर्ट वापरतो. सूचीत ‘रेझव्हपोर्ट’ हा शब्द घातला आणि फोल्डर जोडले गेले.

तरीही प्रतिमा उघडेनात. हे कारण मला सर्वांत उद्बोधक वाटले. एनएफएसची ही जुनी पद्धत माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. लिनक्सवर पहिल्या वापरकर्त्याला सहसा 1000 क्रमांक मिळतो, मॅकवर 501. दोन्हीकडे नाव एकच ठेवले, तरी सर्व्हरच्या लेखी मी परकीच. गट क्रमांक 57 नांदूरघाटात असेल, तसा शेजारच्या गावातही असेल. म्हणून सातबाऱ्यावर गाव आणि तालुका लिहावा लागतो. सनच्या रचनाकारांनी मात्र गृहीत धरले, की साऱ्या यंत्रांचे मिळून एकच गाव आहे. एका संस्थेच्या एका इमारतीत ते खरेही होते. शेवटी मॅककडून येणाऱ्या प्रत्येकाला 1000 समजावे, असे सर्व्हरला सांगितले. घरच्या जाळ्यात हे चालते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोणी करू नये.

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. मॅक बॅटरीवर चालू, पण उघडू पाहिलेली प्रतिमा थिजून राहिली. हा बिघाड नव्हे, जुन्या एनएफएसची रीत आहे: सर्व्हर कोणाचे काय चालले होते हे लक्षात ठेवत नाही, प्रत्येक विनंतीतच लागणारी सारी माहिती असते, आणि उत्तर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पाठवण्याची जबाबदारी मागणाऱ्याची. तासाभराने वीज आली, संगणक सुरू झाला आणि तीच प्रतिमा उघडली. तिची कड कापली गेली होती. सनातले पहिले दोनच अंक दिसत होते. रुमाल अजून घरातच होता. तो कागद पुन्हा स्कॅन केला: 1339.