हिल्डेचे सहा भ्रूण

कोंबडीचे अंडे १८ तास उबवले की बलकावर एक फिकट चकती दिसू लागते, तिच्या मधोमध एक बारीक रेघ. अंडे मीठपाण्यात फोडायचे, चकती वरच्या पापुद्र्यासकट हलकेच सोडवायची आणि काचेच्या कडीवर ताणून बसवायची. सूक्ष्मदर्शकाखाली रेघेच्या टोकाशी एक गाठ दिसते. ती सुईने कापून दुसऱ्या भ्रूणाच्या कडेला ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिथे आणखी एक मज्जारज्जू आकार घेत असतो. इतकी वर्षे भ्रूणविज्ञान शिकवतो आहे, तरी हे पाहताना माझा श्वास अडकतो. आणि हिल्डे आठवते.

हिल्डे प्रोशोल्ट १८९८ साली जर्मनीतल्या गोथा इथे जन्मली. फ्रायबुर्गला हान्स स्पेमान यांच्याकडे ती डॉक्टरेटसाठी आली, तेव्हा त्यांनी आधी तिला हायड्रा आतून-बाहेर उलटवण्याचा, अठराव्या शतकातला एक प्रयोग दिला. तो काही केल्या जमेना. मग न्यूटचे काम आले. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला प्राणी. त्याचा भ्रूण जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. हत्यारे म्हणजे ज्योतीवर ताणून केलेल्या काचेच्या सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास.

एका जातीचा भ्रूण फिकट, दुसरीचा गडद. फिकट भ्रूणाच्या पेशी जिथून आत वळतात, तिथल्या वरच्या ओठाचा कण हिल्डेने कापला आणि गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. काही दिवसांत पोटावर दुसरा न्यूट घडू लागला! रंगांमुळे कोणती पेशी कुणाची, हे उघड दिसत होते. या दुसऱ्या न्यूटचा मज्जारज्जू बहुतांशी गडद, म्हणजे यजमानाच्याच पेशींचा होता. बाहेरून आलेल्या मुकादमाने गावातलेच गवंडी हाताशी धरून दुसरे घर उभारावे, तसे हे झाले. पोटाची कातडी व्हायच्या पेशी त्याच्या सांगण्यावरून मज्जारज्जू झाल्या. स्पेमान यांनी त्या कणाला नाव दिले ‘संघटक’.

तेव्हा प्रतिजैविके नव्हती. जंतुसंसर्गाने भ्रूण भराभर मरत. १९२१ आणि १९२२ या दोन हंगामांत केलेल्या शेकडो शस्त्रक्रियांतून निबंधात तपशिलाने मांडण्याजोगे उरले अवघे सहा.

स्पेमान यांच्या इतर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या त्या विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाने छापले गेले. हिल्डेच्या निबंधावर मात्र स्पेमान यांचे नाव आले, तेही आधी. कल्पना त्यांची होती, हे मला मान्य आहे. तरीही हा अन्याय होता, असेच माझे मत आहे.

१९२४ साली निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडाला आणि हिल्डे भाजून गेली. वय २५, घरी तान्हा मुलगा. १९३५ चे नोबेल याच शोधासाठी स्पेमान यांना एकट्यांना मिळाले.

मुकादम नेमके काय सांगतो, हे कळायला पुढे अनेक दशके लागली. १९९२ मध्ये सापडलेले ‘नॉगिन’ हे त्यातले एक प्रथिन. पेशींना ‘कातडी व्हा’ म्हणणारा निरोप ते वाटेतच अडवते. निरोप पोचला नाही, की पेशी मज्जासंस्थेकडे वळते.

पक्ष्यांमध्येही असा संघटक असतो, हे भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकात दाखवले. त्यांच्याकडे एडिंबराला काम केलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरचे हे तंत्र पुणे विद्यापीठात रुजवले. सुरुवातीला सांगितलेली काचेची कडी आमच्याकडे आली ती अशी.

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. प्रयोगाखाली ‘स्पेमान-मांगोल्ड’ असे लिहिलेले असते. हिल्डेचे पती ऑटो मांगोल्ड हेही भ्रूणशास्त्रज्ञच, त्यामुळे पुष्कळांना ते नाव त्यांचे वाटते. वर्गात पूर्ण नाव सांगा: हिल्डे मांगोल्ड.