दोन स्वभावांची स्प्रिंग

शनिवारी गॅरेज आवरताना ती स्प्रिंगांची जोडी पुन्हा हाताला लागली. म्हटलं, चला, एकदाचं लिहून टाकू.

माझी एमजीबी १९७७ची. अमेरिकेतल्या नियमांपायी १९७४मध्ये या गाड्या इंचभर उंच केल्या गेल्या, त्यामुळे वळणावर जरा जास्तच कलतात. ती खाली बसवायची होती. त्यात बाबा नाशिकहून मँचेस्टरला येणार होते, त्यांची पाठ दुखरी. बाबांसाठी मऊ, माझ्यासाठी कडक.. म्हणून पुढच्या चाकांना प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगा घेतल्या.

लिनियर स्प्रिंग सरळमार्गी. पहिला इंच दाबायला ४०० पौंड, तर पुढच्या इंचालाही आणखी ४००च. प्रोग्रेसिव्हचे वेढे एका टोकाला दाटीनं गुंडाळलेले असतात. भार वाढला की ते एकमेकांना टेकून बाद होतात. आठाचे सहा उरले की ४००चे ५३३ होतात. कागदावर झकास!

बाबांना घेऊन स्नेक पासला गेलो. उतारावर डावं वळण, गाडी छान कललेली, आणि उजवं चाक एका उंचवट्यावर चढलं. पुढची बाजू एकदम ताठ! स्टिअरिंग तेवढंच वळवलेलं, पण गाडी वळेना. नाक सरळ पांढऱ्या रेषेपलीकडे. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब. बाबांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर. मी काय बोलणार, कपाळ?

पुढे चहाला थांबलो तेव्हा सगळी थिअरी सांगितली. बाबांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. शांतपणे म्हणाले, "अरे, ट्रकला मुख्य पाट्यांवर जादा पाटे असतात. रिकाम्या गाडीत ते नुसते बसून असतात, माल भरला की कामाला लागतात. तुझ्या गाडीत माल कोण भरणार? दोन तर माणसं बसतात."

मी गप्प. चार माणसं आणि डिकीभर सामान नेणाऱ्या गाडीला प्रोग्रेसिव्ह ठीकच. पण इथे शॉक अब्सॉर्बरसुद्धा एकाच कडकपणाला जुळवलेला. स्प्रिंग दुप्पट कडक झाली तर तिला तितकंच आवरायला सुमारे ४१ टक्के जास्त जोर लागतो (वर्गमूळ, बारावीचं फिजिक्स!). तो आणणार कुठून? आणि अगदी शेवटी ताठ व्हायला रबरी बंप स्टॉप आहेच की. तो मुळातच प्रोग्रेसिव्ह.

मग लिनियर बसवल्या. खड्डे जास्त जाणवतात, खोटं कशाला बोला. पण वळणात शिरताना जी गाडी असते, तीच बाहेर पडताना असते. परतायच्या आदल्या रविवारी बाबा पुन्हा स्नेक पासला आले. पाठीला उशी लावून. हात मांडीवर.

जुनी जोडी कोणाला विकायचा धीर होत नाही. एक स्प्रिंग गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून लावली आहे. दुसरी पडून आहे.