एका माव्यात किती?

दुसऱ्या परीक्षकाचा सातवा प्रश्न एका ओळीचा होता. तुमच्या तक्त्यात रोजच्या 'माव्यां'ची संख्या दिली आहे, तर एका माव्यात तंबाखू नक्की किती असते?

लेखात मावा हा शब्द मी पन्नासेक वेळा तरी लिहिला असेल. एकदाही वजन केलं नव्हतं.

माझा बडोद्याच्या हरणीत दातांचा दवाखाना आहे. विमानतळ आणि गोल्डन चोकडी यांच्या मधल्या पट्ट्यात, भीडभंजन हनुमानाला येणाऱ्या शनिवारच्या गर्दीचा आवाज जिथवर पोचतो तिथे. जन्म दांडिया बाजारातला, घरात मराठी आणि दवाखान्यात गुजराती. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे गल्ला म्हणजे पैशांचा खण नव्हे. गल्ला म्हणजे पानाची टपरी. तिथे कातरलेल्या सुपारीत तंबाखू आणि पातळ चुना घालतात, प्लॅस्टिकच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधतात आणि गिऱ्हाईक ती दोन्ही तळव्यांत धरून खसाखसा चोळतं. तोच मावा. चोळता चोळता गप्पा होतात. चोळण्यातच अर्धी मजा आहे, असं मला कितीतरी पेशंटांनी खुर्चीवर पडल्या पडल्या सांगितलंय.

त्याच खुर्चीवर तोंड उघडायला सांगितलं की तीन बोटं उभी आत जायला हवीत. दोनच गेली तर मी सावध होते आणि एकच गेलं तर पुढचं सगळं बोलणं बदलतं. गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि पट्ट्यासारखी ताठ होते, तिखट सोसत नाही, मग पाणीपुरी तोंडात मावत नाही. माणसं आजार घेऊन येतच नाहीत, पाणीपुरीची तक्रार घेऊन येतात. भावनगर जिल्ह्यातल्या याच रोगावर डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांचा लेख १९९८ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त आला होता. ही नवी साथ तर नव्हे, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. तरुण पोरं आणि मावा हेच त्यांच्याही समोर होतं. म्हणजे मी काही नवीन शोधलं नव्हतं. मला एवढंच पाहायचं होतं की मावा सोडू म्हणणाऱ्यांना तो सुटत का नाही.

माझी शाळेतली मैत्रीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. ती म्हणाली, "नुसतं म्हणू नकोस, मोजू या. आणि दातांच्या जर्नलला नको पाठवायला, व्यसनाच्या जर्नलला पाठवू." व्यसनावरची स्वतंत्र जर्नलं असतात हे मला ऐकून माहीत होतं, हातात एकही घेतलं नव्हतं. आमच्या घरी व्यसन हा विषय आला तो अनिल अवचटांच्या 'गर्द'मधून आणि पुण्याच्या मुक्तांगणच्या कौतुकातून. जर्नलांची परंपरा मात्र फार जुनी निघाली. आज 'ॲडिक्शन' नावाने निघणाऱ्या जर्नलचं मूळ १८८४ सालच्या लंडनमधल्या एका संस्थेच्या कार्यवृत्तात आहे. त्या संस्थेचा विषय होता दारूबाजीचा अभ्यास आणि उपचार. आताचं नाव १९९३ पासूनचं.

मैत्रिणीने मला एक जाडजूड पुस्तक वाचायला लावलं, 'पब्लिशिंग ॲडिक्शन सायन्स'. व्यसनविषयक जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, हे पुस्तक तिच्याच कामातून आलेलं. २०१७ ची तिसरी आवृत्ती फुकट वाचायला मिळते. त्यात एक प्रकरण दांतेच्या नरकावर आहे. संशोधकांची सात पापं, आणि कुठल्या पाप्याची रवानगी नरकाच्या कोणत्या मजल्यावर व्हावी तेही. वाङ्मयचौर्य आणि लबाडी त्यात असणारच. पण पहिलं पाप निष्काळजीपणाचं होतं, ते वाचताना मी जरा सावरून बसले. तरीही मावा तोलायचं सुचलं नाही ते नाहीच.

आमचं पहिलं भांडण प्रश्नावलीवरून झालं. तंबाखू चघळणाऱ्यांसाठी फागरस्ट्रॉमची एक तयार चाचणी आहे. सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली लागते, आजारी पडून अंथरुणात असलात तरी घेता का, असे सरळ प्रश्न. हे हरणीतही चालतात. पण एक प्रश्न आहे, आठवड्याला किती डब्या लागतात? चाचणी अमेरिकेतल्या डबीवाल्या तंबाखूसाठी बेतलेली आहे. इथे डबी कुणाकडे आहे? चुन्याची असते, तिचा हिशेब कोण ठेवतो! दुसरा प्रश्न होता, तंबाखूचा रस मुद्दाम गिळता का? गुजराती भाषांतर करून ते दुसऱ्या एका बाईंकडून परत इंग्रजीत करून घेतलं, मूळ न दाखवता. रस गिळण्याचा प्रश्न परत आला तो अशा अर्थाने, की तुम्ही मुद्दाम थुंकत नाही का? दहा दिवस या एका वाक्यात गेले. शेवटी गल्ल्यावरच्या चार जणांना आळीपाळीने वाचून दाखवलं आणि चौघांनाही जो अर्थ एकसारखा कळला तो ठेवला. तलफेला गुजरातीत तलब म्हणतात, एवढी एक गोष्ट विनासायास जुळली.

दारूचे दोन प्रश्न मैत्रिणीने आग्रहाने घातले, कारण तंबाखू आणि दारू पुष्कळदा जोडीने असतात. आता गुजरातेत दारूचा प्रश्न विचारायचा म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजावणं कठीण. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९६० साली गुजरात वेगळा झाला, पण कायदा इथे राहिला. परवान्याशिवाय पिणं हा गुन्हा. म्हणजे "गेल्या महिन्यात किती वेळा घेतलीत?" असं विचारताना आम्ही समोरच्याकडून गुन्ह्याची कबुली मागत होतो. नैतिकता समितीने यावर आम्हाला दोन बैठका उभं केलं, आणि बरोबर केलं. नावं नाहीत, फोन नंबर नाहीत, सही नाही. संमती तोंडी घ्यायची आणि कागदावर फक्त क्रमांक टाकायचा. लेखात वस्त्यांची नावं नाहीत, नुसतं 'गुजरातमधलं एक शहर' आहे. मुलाखती कुठल्या भागांत झाल्या ते मी इथेही लिहीत नाही. वजन मात्र हरणीत केलं, ते सांगायला हरकत नाही.

इतकं करूनही माणसं हसत 'ना रे बेन' म्हणायची आणि प्रश्नावली मिटल्यावर दाराशी उभं राहून हळूच 'पोटली' म्हणायची. प्लॅस्टिकच्या पिशवीतली देशी म्हणजे पोटली. दाराशी बोललेलं कागदावर घ्यायचं का? मी म्हटलं घ्यायचं, मैत्रीण म्हणाली मुळीच नाही. संमती दिली ती विचारलेल्या प्रश्नापुरती, निरोप घेताना मारलेल्या गप्पांसाठी नाही. तिचं खरं होतं. पहिल्या परीक्षकाने पुढे विचारलंच, दारूचं प्रमाण एवढं कमी कसं? त्यावर 'मर्यादा' या परिच्छेदात कायद्याबद्दल तीन वाक्यं लिहिली. सबंध लेखात मला सगळ्यात आवडणारी तीन वाक्यं तीच आहेत.

तोवर एक नकार पचवून झाला होता. पहिल्या जर्नलने चौथ्या दिवशी लेख परत केला, परीक्षकांपर्यंत गेलाच नाही. संपादकांनी दोन ओळींत सांगितलं की हा विषय आमच्या वाचकांसाठी फार स्थानिक आहे. मी दिवसभर धुमसत होते. स्थानिक म्हणजे काय? देशात धूररहित तंबाखू घेणारे सुमारे वीस कोटी, असं २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आहे. मैत्रिणीने शांतपणे माझंच पहिलं पान पुढे केलं. 'भारत हा विविधतेने नटलेला देश आहे' या थाटाचे दोन परिच्छेद, मग जगातली तंबाखू, मग कॅन्सर, आणि मावा तिसऱ्या पानावर. दोष त्यांच्या डोक्यात नव्हता, माझ्या मांडणीत होता. सात हजार शब्दांतले निम्मे कापले. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच नोंदवलंय. तिचीही सवय जडते. मग सुटत नाही ती तंबाखू की सुपारी? हा खरा प्रश्न होता, तो पहिल्या ओळीत आणला.

त्या नकाराच्याच आठवड्यात ईमेलवर आमंत्रणांची रांग लागली. 'परमआदरणीय प्राध्यापक', सात दिवसांत छापून देतो, अमुक इतके डॉलर. मी प्राध्यापक नाही. ज्यांना माझा हुद्दाही माहीत नाही त्यांना माझा लेख मात्र उत्कृष्ट वाटला होता. अशा जाळ्यात माझ्या ओळखीचे दोन तरुण डॉक्टर बढतीच्या घाईत सापडले आहेत, म्हणून हे लिहून ठेवते.

दुसऱ्या जर्नलने लेख परीक्षणाला घेतला, पण भाषेवरून आधी परत केला. मी 'ॲब्यूज' आणि 'ॲडिक्ट' हे शब्द सर्रास वापरले होते, आमच्या केस पेपरवर असतात तसे. संपादकांच्या त्या संघटनेने २०१५ साली सांगितलंय की माणसाला रोगाच्या नावाने हाक मारू नका. तंबाखू वापरणारी व्यक्ती म्हणा. मला आधी हा शहाजोगपणा वाटला. मराठीत 'व्यसनी माणूस' किती सहज जातो! मग 'शोधा आणि बदला' ची कळ दाबली आणि कित्येक ठिकाणी वाक्यच कोलमडलं, कारण मी त्या माणसाबद्दल दुसरं काही सांगितलंच नव्हतं. वय, काम, मावा कधी सुरू झाला, हे सगळं भरावं लागलं. शहाजोगपणा हा शब्द मी मागे घेते.

नावांचाही एक प्रसंग झाला. एका वरिष्ठांनी एका पत्रावर सही दिली होती, त्यांचा निरोप आला की माझं नाव शेवटी राहू द्या. लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार कसोट्या वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिल्या आहेत, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. सही करणं त्यांत कुठे बसत नाही. आम्ही त्यांचे आभार मानले, ऋणनिर्देशात. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

तर, वजन. तज्ज्ञांच्या नोंदींत एका माव्याला ५ ते ६ ग्रॅम सुपारी आणि ०.३ ग्रॅम तंबाखू असा आकडा मिळतो. तो उद्धृत करून मोकळं होता आलं असतं. पण परीक्षकाने 'तुमच्या' माव्याबद्दल विचारलं होतं. म्हणून सोनाराकडचा छोटा काटा मागून आणला आणि दुपारच्या रिकाम्या वेळी ओळखीच्या गल्ल्यावर गेले. चोळल्यावर तंबाखू वेगळी काढता येत नाही, तेव्हा सुपारी, तंबाखू, चुना आधी वेगवेगळे तोलायचे. गल्ल्यावरचे काका उत्साहात होते. चिमूट काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, माझ्याकडे बघायचं. पहिल्या दहांत फरक नावालाच. मी खूश.

मग एक रिक्षावाला आला. काकांनी बोलता बोलता, डब्यात न बघता, त्याच्यासाठी चिमूट उचलली. ती मला डोळ्यांनीच निराळी दिसली. मी ती मध्येच मागून घेतली आणि तोलली. आधीच्या दहांशी तिचा काही संबंध नव्हता. काका म्हणाले, "बेन, आ तो हाथनो अंदाज छे. एने कडक जोईए." याला कडक लागतो, त्याला साधा, आणि ओळखीचा असेल तर न सांगता. काटा समोर असताना ते माझ्यासाठी मावा करत होते, गिऱ्हाइकासाठी नव्हे. ते दहा आकडे खोडले. पुढे दोन आठवडे गिऱ्हाइकांना विचारून, त्यांच्याच माव्याची तंबाखू सुपारीत पडण्याआधी काट्यावर घेतली. काकांना आकडा दिसणार नाही अशा बेताने काटा माझ्याकडे वळवून ठेवला.

उत्तर एका आकड्यात बसलं नाही. सर्वांत कमी, सर्वांत जास्त, आणि एका हातच्या दोन माव्यांतही फरक पडतो ही कबुली, असं तक्त्याखाली बारीक टाइपात गेलं. पहिले दहा का खोडले तेही लिहिलं. मैत्रीण म्हणाली, परीक्षकाला खटकेल. मी म्हटलं, खटकू दे.

सुधारित लेख पाठवून आज सात आठवडे झाले. पोर्टलवर 'परीक्षण चालू' एवढंच दिसतं. काका अधूनमधून विचारतात, "छपायुं?" त्यांचं नाव त्यात नाही आणि हरणीचंही नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. काटा सोनाराला परत केला.