पोशेऱ्याच्या वाटेवर : भिंतीवरचा रंग गोधडीवर

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी प्राचीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले असून त्यांत जैन मंदिरेही आहेत. त्यांपैकी एका मंदिरातील यादवकालीन शिलालेखावर शके १०६३ हा काळ कोरलेला आहे. गावातील काही दुकानांचे उत्पन्न चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरास लावून दिल्याची नोंद त्यात आहे. बाजार आणि धर्म यांची सांगड या वाटेवर अशी फार जुनी आहे. त्र्यंबक मागे टाकून हाच रस्ता घाट उतरतो, मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात शिरतो आणि पुढे जव्हारमार्गे समुद्राकडे निघून जातो. याच मोखाडा तालुक्यात पोशेरा हे गाव वसले आहे.

जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ते विलीन झाले. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके दीर्घकाळ ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर ते त्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे येथील रहिवासी. भात, नाचणी आणि वरई ही त्यांची पिके. पावसाळ्यात डोंगरांवरून धबधबे कोसळतात. मात्र ते पाणी उतारावर थांबत नाही आणि चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. भाताची कापणी उरकली की शेतात काम उरत नाही. मग दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि शहरांतील बांधकामांवर मजुरीसाठी निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. या मुलखाविषयी काहीही लिहायचे तर हे स्थलांतर लक्षात ठेवूनच लिहावे लागते.

येथील जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या असतात. कारवीच्या काड्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा गिलावा देतात आणि वरून गेरूचा हात फिरवितात. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. सुवासिनी चौक लिहितात आणि धवलेरी मंगलगीते म्हणते. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात. पांढरा रंग म्हणजे पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ व थोडा डिंक. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचा देह होतो, वर वर्तुळ काढले की मस्तक. एवढ्याच आकृत्यांतून पेरणी, कापणी, तारप्याभोवतीचा नाच आणि मुंग्यांची रांगसुद्धा साकार होते. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, चित्र पुसट होते; त्याची खंत कोणी करीत नाही. पुढच्या मंगलकार्यास नवे लिहिले जाते.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामानिमित्त या भागात आले आणि त्यांनी वारली चित्रकारांच्या हाती कागद व रंग दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे पाहता पाहता देशाबाहेर पोहोचली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. भिंतीवरचे चित्र कागदावर आले, कागदावरून कापडावर. चादरी, उशांचे अभ्रे, साड्या आणि आता गोधड्यांवरही ते दिसू लागले आहे.

गोधडी ही महाराष्ट्राच्या घराघरातील वस्तू. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले हे पांघरूण कोठे वाकळ म्हणूनही ओळखले जाते. जीर्ण वस्त्र टाकून न देता त्याला पुन्हा कामास लावणे, हा तिचा मूळ हेतू. अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या कुटुंबास हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. गोधडीला रंग येतो तो तिच्या ठिगळांमुळे. त्या ठिगळांच्या जागी कुंचल्याने रंग आणायचा झाल्यास काही अडचणी उभ्या राहतात आणि त्या समजून घेतल्या तरच चांगली वस्तू पारखता येते.

पहिली अडचण रंगाच्या स्वभावाची आहे. कापड रंगविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत रंग धाग्याच्या आत मुरतो. आंध्रातील कलमकारीत हिरड्याचा पुट आणि तुरटी यांच्या साहाय्याने रंग असाच पक्का केला जातो. दुसऱ्या रीतीत रंगाची पूड धाग्याच्या वर बसते आणि एखादा चिकट पदार्थ तिला धरून ठेवतो. कच्छमधील निरोणा येथील रोगनकाम या प्रकारचे. तेथे एरंडेल शिजवून घट्ट केलेला लगदा रंगात मिसळतात. वारली चित्रही दुसऱ्याच प्रकारात मोडते. परंतु तांदळाच्या पिठाचा रंग पहिल्याच धुण्यात निघून जाईल. शिवाय पिठाच्या खळीला कसर आणि बारीक किडे लागतात. ज्या घरात जयणा पाळली जाते, तेथे असे पांघरूण घडी घालून ठेवणे म्हणजे जीवोत्पत्तीला आमंत्रण देणेच होय. म्हणून गोधडीसाठी कापडावर टिकणारा ॲक्रिलिक रंगच वापरावा लागतो. गेरूही कापडावर पक्का बसत नाही. त्यामुळे गेरूच्या छटेत आधीच पक्के रंगविलेले सुती कापड घेऊन त्यावर पांढरा रंग काढणे सोयीचे ठरते. हा पांढरा रंग दाट, म्हणजे खालचा रंग झाकणारा हवा. पातळ पारदर्शक रंग गडद कापडावर दिसतच नाही.

दुसरी अडचण क्रमाची. तयार गोधडीवर चित्र काढणे कठीण असते, कारण टाक्यांमुळे पृष्ठभागावर चुण्या पडलेल्या असतात आणि रेषा तुटते. वरचे कापड आधी धुऊन त्याची खळ काढावी, ते वाळवून ताणून धरावे, त्यावर चित्र काढावे आणि मगच खालचे थर जोडून शिवावे. रंगाचा थर पातळ ठेवावा लागतो. जाड थरातून सुई सहज जात नाही आणि घडीवर तो तडकतो. चित्र एक दिवस वाळू द्यावे. नंतर उलट्या बाजूने काही मिनिटे गरम इस्त्री फिरविली की रंग धाग्याला घट्ट धरतो. त्यानंतर दोन-तीन दिवस पाणी लावू नये. पुढे नेहमी थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. निष्णात हात धावदोरा चित्राच्या कडेकडेने नेतो. त्यामुळे तारप्याच्या नाचाचे वळण उलट्या बाजूसही टाक्यांत उमटते. छापील मालात हे दिसत नाही.

कापडावर चित्र काढण्याची परंपरा जैन समाजास परकी नाही. सिद्धचक्राचे यंत्र, जंबुद्वीप, अढीद्वीप आणि तीर्थांचे पट कापडावर रंगविण्याची प्रथा अनेक शतकांची आहे. कार्तिकी पौर्णिमेस शत्रुंजयाची यात्रा ज्यांना घडत नाही, ते गावातच शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. तेथे कापड हे तीर्थाचे रूप होते. वारली चौकातही भिंत काही काळ देवीचे स्थान होते. म्हणून पालघट देवीचा चौक जसाच्या तसा अंथरुणा-पांघरुणावर काढणे कितपत उचित, याचा विचार मागणी देणाऱ्याने करावा. शेती, झाडे, पक्षी आणि नाच हे विषय पांघरुणास पुरेसे आहेत.

आता मुख्य प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. बाजारात वारली नक्षीच्या चादरी व गोधड्या यंत्रावर छापून विकल्या जातात. छापील माल विकण्यात गैर काही नाही. तो हाताने चित्रित केलेला आहे असे सांगून विकणे मात्र गैर आहे. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारणासाठी की नाव आणि त्याचे मोल मूळ कारागिरांकडे राहावे. जैन श्रावकाचाराने हा विचार कायद्याच्या कितीतरी आधी केला होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ हाही आहे. अस्सल म्हणून नक्कल देणे, असा त्याचा अर्थ. कापडाच्या दुकानात छापील गोधडीवर ‘छापील’ अशी चिठ्ठी लावणे हे या व्रताचे अगदी साधे पालन आहे.

किमतीचे गणितही मोकळेपणाने मांडायला हवे. समजा, एका मोठ्या गोधडीस कापड, रंग आणि दोरा मिळून ७०० रुपये लागले. चित्रास दोन दिवस व शिलाईस सहा दिवस गेले. दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली तर आठ दिवसांचे ३,२०० रुपये होतात. एकूण पडता भाव ३,९०० रुपये. त्यावर दुकानाचा खर्च व नफा मिळून शेकडा ३० घेतले तर विक्रीची किंमत ५,०७० रुपये होते. ग्राहकाने घासाघीस करून ती २,५०० रुपयांवर आणली आणि दुकानदाराने स्वतःसाठी एक रुपयाही ठेवला नाही, तरी साहित्य वजा जाता १,८०० रुपये उरतात; म्हणजे दिवसाला २२५ रुपये. इतक्या मजुरीवर कोणती बाई वीटभट्टी सोडून घरी सुई-कुंचला घेऊन बसेल?

वेळेचा हिशेब तर त्याहून महत्त्वाचा. कापडावरील रंगास कोरडी हवा लागते, म्हणून हे काम पावसाळ्यात नीट होत नाही. त्याचा उत्तम काळ मार्गशीर्ष ते चैत्र. नेमका हाच काळ स्थलांतराचा आहे. पोशेऱ्यासारख्या गावातील बचतगटास मागणी द्यायची असेल, तर ती दिवाळीपूर्वी, कुटुंब बाहेर पडण्याचा निर्णय घेण्याआधी द्यावी लागेल आणि कापड-रंगापुरती आगाऊ रक्कमही सोबत द्यावी लागेल. उरलेले पैसे माल मिळताच चुकते करावेत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत चुकविणाऱ्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याखेरीज मिळत नाही. व्यापारी कुटुंबांना हा नियम चांगला ठाऊक आहे. ज्या घरात दुसऱ्या महिन्याचे धान्य उधारीवर येते, तेथे ४५ दिवससुद्धा फार होतात, हेही त्यांनी जाणावे.

गजपंथाची यात्रा करून त्र्यंबकच्या बाजूस येणाऱ्या कुटुंबांना मोखाडा फार दूर नाही. पावसाळा सरल्यावर, भात पिवळे पडू लागले असताना या रस्त्याने जावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असल्यास शिदोरी बरोबर असावी. पाड्यावर जाताना कोणाच्या घराचे, भिंतीचे चित्र न विचारता काढू नये. आणि ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी लग्न किंवा वर्षीतपाचे पारणे आहे, त्यांनी आप्तांस द्यावयाच्या भेटींचा विचार करताना आकडा आधी ठरवावा, मुदत आधी सांगावी आणि नमुना म्हणून एक गोधडी पूर्ण किमतीस विकत घ्यावी. दहा गोधड्यांची मागणी म्हणजे वरच्या हिशेबाने ऐंशी दिवसांचे काम. चार बायकांत ते वाटले तर प्रत्येकीस वीस दिवस मिळतात. तेवढे दिवस त्या घरातील मूल शाळेत राहू शकते.