पूर्णाच्या गावी एक दिवस

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब भाईंदरला मावसभावाकडे गेलो होतो. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला समुद्राचे अप्रूप फार. पोरांनी पहिल्याच दिवशी हट्ट धरला, बोटीत बसायचे. आई म्हणाली, "बसा की, पण मला सोपारं दाखवा." भाईंदर ते वसई अशी रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आहे, त्यामुळे दोन्ही हट्ट पुरवता आले. सकाळच्या बोटीने जायचे नि संध्याकाळच्या बोटीने परतायचे, असे ठरले.

आईला सोपाऱ्याची ओढ लागली ती अजिंठ्यामुळे. तिथल्या २ क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेले आहे. ती पूर्णाची कथा. पूर्ण हा सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याचा, दासीच्या पोटी जन्मलेला मुलगा. पुढे भावांची वाटणी झाली. एकाने घर घेतले, दुसऱ्याने दुकान घेतले आणि थोरल्याच्या वाट्याला पूर्ण टाकला, जणू तोही मालमत्तेतलाच! हाच पूर्ण पुढे चंदनाच्या व्यापारात मोठा झाला, समुद्र पार करून आला आणि एका सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकून भिक्खू झाला. आमची आई सालगड्याची लेक. वाटणीत माणूस जातो म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बोटीत मोटारसायकली, रिक्षा, पाट्या घेतलेल्या बाया, सगळेच. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. नाशिकच्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या आणि सोपाऱ्यात धर्मशाळा बांधली, असे त्यात कोरलेले आहे. आम्हाला मात्र तिकीट पडले.

वसईचा किल्ला पोरांनी पळतच पाहिला. सुकेळी घेतली आणि रिक्षाने नालासोपाऱ्याला गेलो. धाकटा सारखा विचारी, "बंदर कुठाय?" बंदर आता नाही. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या जुन्या प्रवासवर्णनात ज्याचे नाव आहे, त्या बंदराची खाडी गाळाने भरून गेली. इमारतींच्या मधून गेले की विटांचा स्तूप लागतो, एवढेच.

या टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. राजवाड्यांच्या गोष्टी सगळीकडेच ऐकू येतात, पण टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला राजा म्हणणारे गाव आम्ही पहिल्यांदाच पाहिले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे १३ तुकडे मिळाले. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. भोवती ब्राँझच्या ८ बुद्धमूर्ती होत्या. हे सारे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

"मग इथं काय उरलं?" थोरलीने विचारले. आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. आई प्रदक्षिणा घालत होती. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही निघाले होते, हे ऐकून ती थांबली. "सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे ना? मग आपल्याकडचं कुणीतरी आधीच येऊन गेलंय," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

इथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला निघत. आपण धम्मयात्रेला निघतो, वृद्धांना भेटतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलतो, असे त्या लेखात अशोक सांगतो. हे ऐकून धाकटा म्हणाला, "आपण दोन्ही केलं." आम्हालाही ते मान्य करावे लागले.

परतीच्या बोटीत एका कोळीणबाईंनी आईला विचारले, कुठे जाऊन आलात? आईने पूर्णाची गोष्ट काढली. भावांच्या वाटणीपर्यंत आली तोच भाईंदरचा धक्का आला. लोक उतरू लागले. बाईंनी पाटी डोक्यावर घेतली, पण त्या हलेनात. "मग त्या पोराचं काय झालं?" त्यांनी विचारले. आम्ही पोरांना घेऊन बाजूला उभे राहिलो. गोष्ट संपेपर्यंत चांगलाच अंधार पडला होता.