शिशाचं वजन

घोड्यांच्या शर्यतीचं नाव काढलं की आमच्या भिंगारच्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, जुगार. त्यामुळे भाचा पुण्याच्या रेसकोर्सवर सईस म्हणून कामाला लागला तेव्हा आपाची झोप उडाली. "अम्मीला सांगा मामू, मी खरारा करतो, पैज लावत नाही," असं तो फोनवर सांगायचा. पावसाळ्यात पुण्याचा सीझन असतो, तेव्हा मी एकदा जाऊन आलो. पैसे न लावता शर्यत कशी बघायची ते त्याने मला शिकवलं.

पहिला धडा क्लासचा. आपल्याकडे बैलांच्या शर्यतीत दातांवरून आदत, दुसा असे गट पाडतात. घोड्यांचे गट रेटिंगवर पडतात. कामगिरी बघून हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला एक आकडा देतो. 1 ते 26 पाचवा क्लास, 20 ते 46 चौथा, 40 ते 66 तिसरा, 60 ते 86 दुसरा आणि 80 च्या पुढे पहिला. आकडे एकमेकांत शिरलेले आहेत. 44 चा घोडा चौथ्या क्लासात दादा, तर तिसऱ्यात लिंबूटिंबू. जिंकला की आकडा वाढतो, हरत राहिला की उतरतो. एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्याला 'मेडन' म्हणतात.

दुसरा धडा वजनाचा. एका क्लासातले घोडेही सारखे नसतात. म्हणून रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने सरस घोड्यावर जास्त वजन चढतं. 46 च्या घोड्याला 36 च्या घोड्यापेक्षा पाच किलो जास्त. जॉकी हलका असेल तर उरलेलं वजन शिसं घालून भरतात. मोठ्या शर्यतींत मात्र असं नसतं. 1943 साली सुरू झालेली इंडियन डर्बी मुंबईत महालक्ष्मीला होते, चार वर्षांच्या घोड्यांची, 2400 मीटरची. तिथे रेटिंग बघून वजन देत नाहीत. नरांना सारखं, माद्यांना थोडं कमी.

परतताना मला बुखारीतली इब्ने उमर यांची हदीस आठवली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या, तेव्हा खास तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला दिला आणि बाकीच्यांना जवळचा. म्हणजे गट पाडून बरोबरी साधणं तेव्हाही होतं.

पैज मात्र हरामच. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, पण आपाचा प्रश्न कायद्याचा नाही. पोराला पगार जनावराची निगा राखण्याचा मिळतो, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तो पैसा येतो कुठून?" तिचं अर्धंच समाधान झालं, आणि माझंही.

शिशाची गोष्ट मात्र डोक्यात राहिली. घोड्यांत जो जोरात पळतो त्याच्या पाठीवर वजन ठेवतात. माणसांत उलटं. आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी पहाटे आईबरोबर चार घरची धुणीभांडी करून शाळेत जायची. दहावीला तिला 64 टक्के पडले. त्याच दिवशी गल्लीत 92 टक्केवाल्याचे पेढे वाटले गेले आणि तिला कुणी निकालही विचारला नाही. रेसकार्डावर प्रत्येक घोड्याच्या नावापुढे त्याने किती वजन वाहायचं ते छापलेलं असतं. गुणपत्रिकेवर तसा रकाना नसतो.