चार बाटल्यांतला निळा

मोर्च्याचं चित्र सोडून मडकं अन् फुलं काय काढत बसलास, असं आपलेच दोस्त विचारतात. सवाल रास्त आहे. जवाब रंगातूनच द्यावा लागेल.

मी पिंपळनेरचा, पांझरेकाठचा. पोटासाठी सुरतेच्या एका मिलमध्ये साड्या छापतो. डिझाइनमध्ये जेवढे रंग तेवढे स्क्रीन. पाळीभर रंगात हात. पण खोलीवर माझ्याजवळ पोस्टर कलरच्या चारच बाटल्या : पांढरा, काळा, मातकट पिवळा यलो ऑकर आणि शेंदरी तांबडा. शाळेत चित्रकलेच्या तासाला रंगपेटी नाही म्हणून मागं बसवायचे. तेव्हापासून डोक्यात पक्कं, की रंग ही पैसेवाल्याची जहागीर.

ती जहागीर मोडली कृष्णाजी हौलाजी आरांनी. १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारमला जन्म. आई लहानपणीच गेली. पोरवयात घर सोडून मुंबईला आले. मोटारी धुतल्या, साहेबाच्या घरी नोकर राहिले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला. चित्रं स्वतःच शिकले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते 'टू जग्ज'ला. म्हणजे दोन भांड्यांच्या चित्राला. १९८५ साली गेले. मोटारी धुणारे हात होते, दोस्तांनो.

त्यांचं एक फुलांचं भांडं जुन्या मासिकात सापडलं. ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवायला घेतलं. रेघ मोजून नकल केली तर चित्र मरतं. उतरवायचा तो जोर. आरा पाण्याचे रंगही तेलरंगासारखे जाड थापत, म्हणून मीही पाणी कमी ठेवलं. आधी डोळे बारीक करून उजेड कुठं, अंधार कुठं एवढंच पाहिलं. मग रंग. एका वेळी दोनच मिसळायचे, चारी एकत्र केले की चिखल.

आता ऐका. काळ्यात पिवळा घातला की हिरवा निघतो. पानं झाली. तांबड्यात पिवळा घातला की भाजलेल्या मातीचा रंग. मडकं झालं. काळ्यात पांढरा घातला की राखाडी. पण तीच राखाडी तांबड्या फुलाशेजारी ठेवा, ती निळी दिसते! बाटलीत निळा नाही, पुठ्ठ्यावर आहे. शेजार बदलला की रंग बदलतो. स्वीडनचा अँडर्स झोर्न हाही याच चार रंगांसाठी ओळखला जातो. १८९६ सालच्या स्वतःच्या चित्रात त्यानं ते हातातल्या पाटीवर मांडलेत.

गावी नेलं तेव्हा मायनं चित्राला हात लावला. म्हणाली, "हाई ते आपलंच मडकं शे ना रे भाऊ!" आराचं भांडं तिनं आपल्या चुलीशेजारी आणून ठेवलं. तिला कुणी समीक्षा शिकवली नव्हती.

आणि मडकं काय मुकं आहे? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मागाहून सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' केलं, कशानं? पंचगव्याच्या १०८ घागरींनी. ज्या देशात घागरीलाही जात दिली गेली, तिथं मडकं बघणं, त्याचा उजेड-अंधार जोखणं, हे रिकामपणचं काम नाही. मोर्च्यात आपण ओरडतो कशासाठी? याच पाण्यासाठी, याच भांड्यासाठी.

म्हणून सांगतो, पैसे जमले की रंग घेऊ म्हणून थांबू नका. जयंतीचा बोर्ड रंगवून उरलेला डबा फेकू नका. चार रंग पुष्कळ झाले. तिसरा कुठं लपलाय, पाचवा कुणाच्या शेजारी उगवतो, ते शोधा. निळा आपल्याला कुणी दुकानातून आणून दिला नव्हता. तो काळ्यातूनच काढला गेला.